रिकामी गाडी घाट चढताना का डोलते?

पीएच.डी.च्या मुलाखतीत मुलांना हमखास अडकवणारा एक प्रश्न आहे : "तुमचं गृहीतक चुकीचं आहे, हे तुम्हाला कोणत्या निकालावरून कळेल?" बहुतेक जण गृहीतक सिद्ध कसं करणार ते पाठ करून आलेले असतात. ते पडेल कसं, याचा विचार केलेलाच नसतो. मग "सर, निगेटिव्ह रिझल्ट आला तर..." असं काहीतरी गुळमुळीत उत्तर जातं.

हा मुद्दा समजावायला यावेळी प्रयोगशाळेतलं उदाहरण घेत नाही. माझ्या मामांचा जुना डिझेल पिकअप घेतो. पाच गिअरचा, मॅन्युअल, कुठेही संगणक नाही, सेन्सर नाहीत, स्कॅनर लावायला सॉकेटसुद्धा नाही. म्हणजे डेटा हवा असेल तर तो आपणच गोळा करायचा. संशोधनाला बसणाऱ्या माणसासाठी याहून चांगलं मॉडेल सापडणं कठीण आहे.

मामा ओतूर भागातला भाजीपाला वाशीच्या बाजारात नेतात. संध्याकाळी माल भरायचा, रात्री माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशी, पहाटे माल खाली, आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन तोच घाट चढून घरी. गाडीचा त्रास असा होता : घाट चढताना पाय पॅडलवर स्थिर असला तरी इंजिन आपोआप रेस व्हायचं, मग बसायचं, मग पुन्हा चढायचं. मामांच्या शब्दांत, "गाडी डोलती." गॅरेजवाले याला हंटिंग किंवा सर्जिंग म्हणतात.

मी त्यात पडलो तोपर्यंत दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले होते. फीड पंप नवा बसला होता. तांब्याचे सगळे वॉशर नवे होते. प्रत्येक कामानंतर गाडी एक फेरी नीट गेली आणि पुढच्या फेरीत पुन्हा डोलली. आता मिस्त्रींचं म्हणणं होतं की मुख्य पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल. खर्च मोठा, आणि पंप येईपर्यंत गाडी उभी. टोमॅटोच्या हंगामात गाडी आठवडाभर उभी राहणं मामांना परवडणारं नव्हतं. गाडी विकून टाकायची भाषा घरात सुरू झाली होती.

आधी लूप समजून घेऊ

डिझेल इंजिनात हवा अडवून वेग कमी-जास्त करत नाहीत. जुन्या गाड्यांत हवा येते तेवढी येऊ देतात, आणि प्रत्येक स्ट्रोकला किती डिझेल फवारायचं यावर सगळं चालतं. अडचण अशी की पंपाची रॅक एका जागी खिळवून ठेवली तर असं इंजिन एका वेगावर शांत बसत नाही. भार थोडा कमी झाला की वेग वाढत जातो, थोडा वाढला की बंद पडायला येतं. म्हणून पंपाला गव्हर्नर जोडलेला असतो : फिरणारी वजनं आणि त्यांना आवरणारी स्प्रिंग. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि रॅक ओढून डिझेल कमी करतात. वेग घटला की स्प्रिंग जिंकते आणि डिझेल वाढतं. तुमचा पाय खरं तर थेट डिझेल देत नाही, तो या स्प्रिंगचा ताण बदलतो.

ही कल्पना जुनी आहे. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर लावला. आणि तो डोलतो, हेही जुनंच. दुर्बिणी फिरवणाऱ्या यंत्रांचे गव्हर्नर वेड्यासारखे झुलतात, याचा अभ्यास जॉर्ज एअरीने १८४० मध्ये केला. पुढे १८६८ साली मॅक्सवेलने, होय, विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांवाला तोच मॅक्सवेल, 'ऑन गव्हर्नर्स' नावाचा निबंध लिहिला. असा लूप केव्हा स्थिर राहील आणि केव्हा झुलायला लागेल, याचं गणित त्यात आहे. कंट्रोल थिअरीचा अभ्यासक्रम बहुधा इथूनच सुरू होतो. पण तो निबंध एका अगदी मिस्त्रीछाप प्रश्नातून आलेला आहे, हे वर्गात क्वचितच कुणी सांगतं.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच : लूपमध्ये उशीर आला की झुलणं येतं. वेग घटला, गव्हर्नरने डिझेल वाढवलं, पण त्याचा परिणाम उशिरा पोचला, तोवर गव्हर्नरने आणखी वाढवलं, मग वेग हवा त्याच्या पुढे गेला. मग उलट दिशेने तेच. आणि लूप गोल असल्यामुळे झुलणं सगळीकडे दिसतं. रॅक झुलते, वेग झुलतो, धूर झुलतो, आवाज झुलतो. दोष मात्र एकाच ठिकाणी असतो, आणि तो जिथे सगळ्यात ठळक दिसतं तिथे असेलच असं नाही. पंपाचं झाकण काढून रॅक पुढेमागे होताना बघितली की कुणालाही पंपच बिघडलाय असं वाटेल. निरोगी गव्हर्नरसुद्धा अगदी तसाच हलेल, जर त्याने मागितलेलं डिझेल इंजिनापर्यंत पोचत नसेल तर.

इथे एक आडवाट घेतो, कारण ती फार सुंदर आहे. इंजेक्शनवाल्या जुन्या पेट्रोल पिकअपमध्येही इंजिन असंच डोलतं, पण लूप निराळा असतो. टोयोटाच्या पिकअपमधलं २२आर-ई हे इंजिन अमेरिकेत यासाठी प्रसिद्ध आहे. पाय पूर्ण काढलेला असताना वेग एका मर्यादेच्या वर असेल, तर संगणक समजतो की गाडी उतारावर आहे आणि पेट्रोल बंद करतो. वेग पडला की पुन्हा चालू करतो. इंजिन थंड असताना जादा हवा देणारी एक झडप असते, ती इंजिनातल्या गरम पाण्याने बंद होते. रेडिएटरचं पाणी कमी झालं की झडपेपर्यंत गरम पाणी पोचत नाही, ती उघडीच राहते, जादा हवेने वेग मर्यादेच्या वर जातो, पेट्रोल बंद, वेग खाली, पेट्रोल चालू, आणि हे चक्र सुरूच. दोष पाण्यात, लक्षण पेट्रोलमध्ये. त्यामुळे गाडी डोलत असेल तर आधी आपला लूप कोणता ते विचारायचं. इंटरनेटवर एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

क्लच ही मोफत चाचणी आहे

मॅन्युअल गाडीत एक सोय आहे जी ऑटोमॅटिकमध्ये इतकी सरळ मिळत नाही. इंजिन आणि गाडी एका पायाने वेगळी करता येतात.

पहिला प्रश्न : इंजिनाचा वेग वाढतो तेव्हा गाडीचाही वाढतो का? इंजिन रेस होतंय आणि स्पीडोमीटर जागेवरच आहे, तर ते सर्जिंग नाही, क्लच घसरतोय. पूर्ण वेगळा आजार. दुसरा प्रश्न : क्लच दाबून, गाडी उभी करून, पॅडल तेवढंच धरलं तरी डोलतं का? तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. खडबडीत रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये, गाडीच्या हिसक्याने चालकाचा पायच पॅडलवर वरखाली होतो. त्याने इंजिन हिसका देतं, त्याने पाय पुन्हा हलतो. म्हणजे लूपमध्ये माणूस येतो. जुन्या डिझेल गाड्यांत हाताने ओढायची रेसची खुंटी असते. तिच्यावर रेस अडकवली, पाय काढला, तरी डोलत असेल तर माणूस निर्दोष.

मामांच्या गाडीत इंजिन आणि गाडी दोन्ही बरोबर डोलत होती, खुंटीवरही डोलत होती. क्लच आणि पाय बाद. खर्च शून्य.

वेगमापक काटा नसलेल्या गाडीत फेरे कसे मोजायचे? फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५ फेरे, म्हणजे ५० स्फोट, म्हणजे ५० हर्ट्झ. ही वारंवारिता फोनच्या माइकला जड जाते, म्हणून आवाजाच्या आलेखात तिची दुप्पट-चौपट पट्टी शोधायची. ती पट्टी कशी वळवळते ते बघितलं की सर्जिंगचं चित्रच मिळतं. मला दिसलं ते असं : झोके अनियमित होते. कधी दोन लागोपाठ, कधी बराच वेळ काही नाही. नुसत्या गव्हर्नरचं हंटिंग साधारणपणे घड्याळासारखं एका लयीत चालतं. बाहेरून काहीतरी अधूनमधून धक्का देत असेल तर लय बिघडते. हा पुरावा पक्का नव्हता, पण पंप उतरवायच्या आधी थांबावं एवढा नक्की होता.

मामांचे तीन सिद्धांत

मामांना विचारलं, नेमकं केव्हा होतं? त्यांनी तीन उत्तरं दिली आणि तिन्ही खरी होती. चढावर होतं, उतारावर होत नाही. गाडी रिकामी असली की होतं, भरलेली असली की होत नाही. सकाळी उन्हात होतं, रात्री होत नाही.

मिस्त्रींनी यावरून काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. उन्हाने डिझेल पातळ होतं, झिजलेल्या पंपातून गळतं, दाब कमी पडतो. म्हणून पंप.

आता ही माहिती तक्त्यात मांडून बघा. जाताना : रात्र, भरलेली, उतार. येताना : दिवस, रिकामी, चढ. तीन गोष्टी नेहमी एकत्र बदलतात. वर्षभराच्या फेऱ्या मोजल्या तरी या तिघांतली कोणती कारण आहे ते कधीच कळणार नाही, कारण आपल्याकडे तक्त्यातले दोनच खण भरलेले आहेत. फेऱ्यांची संख्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण सॅम्पल साइज वाढवला की सगळं ठीक होतं, हा गैरसमज एम.एस्सी.पर्यंत टिकून असतो.

आणि न सांगितलेली चौथी गोष्ट? मामा डिझेलची वही ठेवतात. तारीख, लिटर, रुपये. ती चाळली तर दिसलं की ते दर संध्याकाळी निघायच्या आधी टाकी फुल करतात. म्हणजे जाताना टाकी भरलेली, येताना माळशेजच्या पायथ्याशी ती निम्म्यावर. मामांनी ही गोष्ट सांगितली नाही, कारण ती त्यांच्या दृष्टीने 'परिस्थिती' नव्हतीच. रोज करतो ते काम. संशोधनात घोटाळा करणारा घटक बऱ्याचदा असाच असतो, इतका सवयीचा की तो नोंदवावा असं कुणाला वाटतच नाही.

वहीमुळे आणखी एक कोडं सुटलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी एक फेरी नीट का जायची? गॅरेजमधून गाडी आणली की मामा टाकी भरून निघायचे, आणि त्या दिवशी उशीर झालेला असला तर फेरी वाशीऐवजी जवळच्या बाजाराला जायची. टाकी निम्म्यावर येतच नव्हती. शिवाय डिझेलच्या लाइनवर कुठलंही काम केलं की शेवटी एअर काढावीच लागते, त्याने इंजिन काही काळ नीट चालतं. म्हणजे फिल्टर बदलून जे मिळालं ते काहीही न बदलता, नुसते नट सैल करून, एअर काढून, पुन्हा आवळूनही मिळालं असतं. औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात ती याचसाठी.

कोणती चाचणी कुणाला पाडते

आता मुलाखतीतला प्रश्न. आपल्याकडे दोन मुख्य संशयित आहेत : झिजलेला पंप, आणि टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनमध्ये शिरणारी हवा. गॅरेजच्या भाषेत, "गाडी एअर घेतेय." प्रत्येक चाचणीआधी विचारायचं : हा निकाल दोघांच्या बाबतीत वेगळा येईल का? घाटात गाडी पुन्हा एकदा चढवून बघणं, ही चाचणीच नाही. दोन्ही संशयित म्हणतील, डोलणार.

येताना कल्याणच्या पुढे टाकी फुल करून घाट चढायचा, ही मात्र चाचणी आहे. ऊन तेच, गाडी रिकामीच, चढ तोच, बदललं फक्त डिझेल. पंप झिजलेला असेल तर डोलायला हवं. मामांनी कुरकुरत डिझेल भरलं ("तिकडंच का भराया लावतोस, इथं काय पंप न्हाईत का?") आणि गाडी घाट सरळ चढली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच केलं, पुन्हा सरळ चढली. तिसऱ्या फेरीत भरलं नाही. डोलली.

उलटा खणही भरायला हवा होता : भरलेली गाडी, टाकी निम्मी. पण तो रात्रीच्या घाटात भरायचा नाही. भरलेल्या गाडीचं इंजिन उतारावर हवं तसं वागत नसेल तर इंजिनाचा ब्रेक मिळेलच याची खात्री नाही. तक्ता पूर्ण करण्यापेक्षा माणूस महत्त्वाचा. गावाजवळ एक छोटा चढ आहे, तिथे दिवसा, कांद्याच्या गोण्या भरून, टाकी निम्मी असताना गाडी चढवली. डोलली. भार बाद झाला. आणि दोष आता घरच्या चढावर मागवता येत होता. दोष हवा तेव्हा मागवता येणं ही निदानातली अर्धी लढाई आहे. माझ्या मते अर्ध्याहून जास्तच.

टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलेलं असू शकतं, असंही एक मत आलं. डिझेल कमी होतं तशी टाकीत हवा शिरायला हवी, ती शिरली नाही तर आत पोकळी तयार होते. पण तसं असतं तर उलटं घडलं असतं. फुल टाकीत वरची मोकळी जागा थोडी असते, त्यामुळे तेवढ्याच लिटरला दाब भरभर पडतो आणि त्रास लवकर सुरू होतो. तरी झाकण सैल करून बघितलं, कारण फुकट होतं. काही फरक नाही.

मग कॅनची चाचणी. पाच लिटरचा कॅन डिझेलने भरून हौदाच्या पुढच्या बाजूला उंचावर घट्ट बांधला आणि त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला दिली. नळी सायलेन्सरपासून लांब, जाड तारेने अडकवलेली, आणि मदतीला मिस्त्री स्वतः. हे एकट्याने करू नका. आता टाकी, तिच्यातली नळी आणि लांब लाइन, सगळं बाहेर. फीड पंपापासून पुढचं सगळं जसंच्या तसं. दोष पुढे असेल तर डोलणार, मागे असेल तर नाही.

कॅनवर गाडी चढ सरळ चढली. लाइन परत टाकीला जोडली, पुन्हा डोलली. पुन्हा कॅन, पुन्हा सरळ. प्रत्येक बदलात एअर काढावी लागली, दोन्ही दिशांना सारखीच, त्यामुळे नुसत्या एअर काढण्याने फरक पडतोय हा आक्षेप इथे टिकत नाही. पंपाला हात न लावता पंप सुटला.

न गळणारी गळती

या सगळ्यात डिझेलचा एक थेंबही कुठे सांडलेला नव्हता. मिस्त्रींचा लाइनवरचा विश्वास यामुळेच होता : "गळत नाय म्हंजे लाइन चांगली." दाबाखालच्या लाइनला हे बरोबर आहे. पण टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. तिथे भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती कोरडी असते.

आणि भोक कुठे? पारदर्शक नळीचा एक तुकडा फीड पंपाच्या आधी टाकून टाकीवर गाडी चालवली तर चढावर बुडबुडे स्पष्ट दिसले. सपाटीवर नाहीत. बाहेरच्या रबरी पाइपला किंवा जोडाला भेग असती तर टाकी कितीही भरलेली असो, थोडीफार हवा येत राहिली असती. इथे मात्र एका पातळीच्या वर काहीच नाही आणि खाली एकदम सुरू, असं होतं. हे टाकीच्या आतल्या, तळापर्यंत जाणाऱ्या नळीवर बोट दाखवतं. त्या नळीला मधेच भेग असेल तर ती डिझेलमध्ये बुडालेली असेपर्यंत भेगेतून डिझेलच आत येतं, काही बिघडत नाही. पातळी खाली गेली की भेग उघडी पडते आणि हवा यायला लागते.

हे इतकं तीव्र का, त्याचा हिशोब वहीच्या कोपऱ्यात होतो. डिझेलची घनता लिटरला साधारण ०.८३ किलो धरा. पातळी भेगेच्या २० सेंटिमीटर खाली गेली तर फक्त उंचीमुळे तिथला दाब सुमारे १.६ किलोपास्कलने कमी होतो. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दीड टक्का. फार नाही. पण हवेची श्यानता डिझेलच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. ज्या केसाएवढ्या भेगेतून डिझेल जेमतेम झिरपतं तिच्यातून तेवढ्याच दाबाला हवा शंभरपटीने जाते. शिवाय चढावर दोन गोष्टी एकदम घडतात : इंजिन जास्त डिझेल मागतं, त्यामुळे नळीतलं ओढणं वाढतं, आणि टाकीतलं डिझेल मागे सरकतं, त्यामुळे पुढच्या भागातल्या नळीपाशी पातळी आणखी उतरते. म्हणून फक्त निम्मी टाकी पुरत नाही, निम्मी टाकी आणि चढ, दोन्ही लागतात. संख्याशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात. मामांचं "चढावर होतं" खोटं नव्हतं, अपुरं होतं.

पुढचं सोपं आहे. बुडबुडा पंपात गेला की प्लंजरचा एक स्ट्रोक डिझेल फवारण्याऐवजी हवा दाबण्यात जातो. वेग पडतो, गव्हर्नर रॅक पुढे सारतो, तेवढ्यात बुडबुडा निघून जातो आणि वाढीव डिझेल सगळंच्या सगळं सिलिंडरमध्ये. गाडी उसळते. आपलं काम चोख करणारा गव्हर्नर दोषी दिसतो.

रसायनशास्त्राच्या मुलांनी हे एचपीएलसीवर बघितलेलं असेल. दाबाची रेघ वरखाली नाचायला लागते, आणि पहिला संशय महागड्या कॉलमवर जातो. खरं कारण बऱ्याचदा सॉल्व्हंटच्या बाटलीत असतं : पातळी खाली गेलेली, इनलेटचा फिल्टर अर्धवट बाहेर, पंपात बुडबुडा. मी स्वतः एचपीएलसीवर दिवस काढतो, त्यामुळे मामांची वही वाचताना माझी नजर आधी डिझेलच्या पातळीकडे गेली असेल. यात हुशारी कमी आणि सवय जास्त आहे.

एक गोष्ट सावधगिरीची, कारण ही दोन दुखणी लोक एकच समजतात. डोलणारं इंजिन चढतं आणि उतरतं. एखादं डिझेल इंजिन चढतच गेलं, पाय काढला तरी, चावी बंद केली तरी, तर ते सर्जिंग नाही. ते स्वतःचंच ऑइल जाळत सुटलेलं असू शकतं. तिथे निदान करत बसायचं नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. हवेच्या तोंडावर हात ठेवायला जाऊ नका.

टाकी उघडण्याआधी मी एका कागदावर भेगेची उंची लिहून मिस्त्रींच्या खिशात दिली. वहीतल्या लिटरवरून डोलणं सुरू होतं तेव्हा टाकी सपाटीवर किती भरलेली असेल ते काढलं, आणि त्यावरून तळापासूनची उंची. नळी बाहेर आली तर भेग होती. पट्टीचा टाका आहे तिथे, अर्ध्या घेरापर्यंत, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी. तोंडाने फुंकून पाण्यात धरली तेव्हा बुडबुडे आले. पण ती माझ्या आकड्यापेक्षा तीन बोटं खाली होती.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे : मी पातळी सपाटीची धरली, भेग उघडी पडते चढावर, जिथे नळीपाशी डिझेल आधीच उतरलेलं असतं, म्हणून भेग हिशोबापेक्षा खाली असणारच. ऐकायला बरोबर वाटतं. पण हे स्पष्टीकरण निकाल कळल्यावर जोडलेलं आहे, आणि अशा स्पष्टीकरणाची किंमत कमी असते. जुनी नळी परत बसवून सपाट रस्त्यावर टाकी रिकामी होत जाईपर्यंत गाडी चालवली असती, आणि तिथे डोलणं आणखी उशिरा, कमी डिझेलवर सुरू झालं असतं, तर ते तपासलं गेलं असतं. मामांना मी तसं विचारलंही. त्यांनी नळी भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

नवीन नळी बसवल्यावर पाव टाकीवर घाट चढून झाला. मुख्य पंप आहे तिथेच आहे. सकाळी थंड इंजिन स्लोवर असताना एका लयीत हलकंसं हंटिंग अजून ऐकू येतं, फोनवरच्या पट्टीतही दिसतं. ते बहुधा गव्हर्नरचंच असावं. ते नियमित आहे आणि टाकीच्या पातळीशी त्याचा काही संबंध दिसत नाही. हंगाम संपल्यावर बघू, असं मामा म्हणाले.